तीस सेकंदांचा खुळखुळा

आवाज आला म्हणून खेळणं समजू नका. मी खुळखुळा आहे खरा, पण नोकरीतला. लाल लाकडी अंग, पोटात सात दाणे आणि दांड्यावर कोरलेला नंबर. दुकानातल्या माझ्या भावंडांना बाळं हवं तेव्हा आपटतात, चोखतात. मला मात्र रोज आठ-दहा बाळांसमोर नियमाने धरलं जातं आणि दर बाळानंतर साफसफाईची मावशी साबणाच्या पाण्यात असं घासते की विचारू नका.

काम काय, तर अभ्यास. आईने गरोदरपणात दारू, सिगारेट, नशेच्या गोळ्या घेतल्या, तर पुढे बाळाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे बघणारी मंडळी इथे इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर बसतात. अशी बाळं आणि तसं काही न घडलेली बाळं, दोन्ही सहा महिन्यांची झाली की माझ्यासमोर येतात. चाचणीवाल्या ताई मला बाळापासून वीतभर अंतरावर धरतात, एकदा वाजवतात आणि घड्याळ सुरू करतात. तीस सेकंदांत बाळाने मला धरलं तर एक, नाही तर शून्य. कोणतं बाळ कोणत्या गटातलं हे ताईंना कळता कामा नये, असा नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलाय.

आता ऐका यांचा शहाणपणा. नोंदणीवाली मनाने फार चांगली. नशा केलेल्या आया आधीच घाबरलेल्या असतात, त्यांना बाकावर ताटकळत ठेवू नये, म्हणून ती त्यांच्या फायलीवर पिवळा ठिपका चिकटवायची. ठिपक्याची फाइल आधी आत जायची. आणि जायची कुठे, तर थेट ताईंच्या टेबलावर! भिंतीवर नियम आणि त्याखाली ठिपका. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला हात कुठले?

ताई मुद्दाम काही करत नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. पण ठिपका दिसला की त्यांचा हात आपोआप खाली यायचा. साध्या फायलीचं बाळ नुसतं छताकडे बघत बसलं, तरी "विचार करतंय लबाड" म्हणत पूर्ण तीस सेकंद थांबायच्या. ठिपक्याच्या बाळाने तेच केलं की दहाव्या सेकंदाला "नाही जमत बिचाऱ्याला." मी त्यांच्या मुठीत, म्हणजे सगळ्यात जवळचा साक्षीदार मीच. चिडून ओरडायला जावं, तर बाहेर पडायचं खुळखुळ, आणि माझ्या संतापावर समोरचं बाळ खुदकन हसायचं!

एके दिवशी एक बारीकशी आई ढब्बूला घेऊन आली. ढब्बू हे घरचं लाडाचं नाव, आणि पोरगा त्याला शोभेल असाच होता. गरोदरपणाचे पहिले चार महिने ती दारू पीत होती. "कुणी पकडलं नव्हतं, फॉर्मवर मीच खरं लिहिलं," ती मावशीला सांगत होती. "पण सासूबाई म्हणतात, चाचणीचा कागद नीट आला तर पोर तुझ्याजवळ. मंद निघालं, तर ते आमच्याकडे राहील आणि तू माहेरी."

खरं लिहिल्याबद्दल तिला काय मिळालं, तर पिवळा ठिपका.

ढब्बूने मला पाहिलं. वरून खाली, खालून वर, अगदी गिऱ्हाईक बघतं तसं पाहिलं. नववा सेकंद झाला आणि ताईंचा हात खाली आला.

"ताई, थांबा ना जरा. तो उशिरा धरतो, पण धरतो. घरी चमचासुद्धा असाच. आधी बघतो, मग ठरवतो."

"सगळ्याच आया असं म्हणतात हो," ताई मायेनेच म्हणाल्या आणि शून्य लिहिलं.

मला ट्रेमध्ये ठेवलं, तेव्हा ढब्बूचा हात वर आला होता. बोटं उघडून तो मी नसलेल्या जागी चाचपडत होता. मी बघितलं, आईने बघितलं. ताई लिहीत होत्या.

प्रत्येक चाचणीचं चित्रण होतं. कोपऱ्यात कॅमेरा आहे. पण ते बघायला थोरल्या बाईंना सवड मिळाली तीन महिन्यांनी! थोरल्या बाई म्हणजे या सगळ्यांच्या प्रमुख. घड्याळ घेऊन बसल्या आणि मोजू लागल्या. "नऊ. अकरा. दहा. मग हे तीस कसं?" फायली मागवल्या, ठिपके सापडले. नोंदणीवाली रडायला लागली, "मी त्यांच्या भल्यासाठीच केलं हो." ढब्बूचा वर आलेला हात ताईंनी चित्रण तीनदा मागे नेऊन पाहिला.

ठिपक्याच्या सगळ्या बाळांना परत बोलावलं. ढब्बू आला तो नऊ महिन्यांचा होऊन. रांगत ट्रेपाशी गेला, मला उचललं, तोंडात घातलं आणि दोन नव्या दातांनी माझ्या रंगाचा टवकाच उडवला. माझा ऊर भरून आला. पण उपयोग काय? नऊ महिन्यांच्या चाचणीत खुळखुळा नसतोच. सहा महिन्यांचं वय परत बोलावता येत नाही.

"तो रकाना रद्द करू," थोरल्या बाई म्हणाल्या.

"रद्द झाला म्हणून घरी काय सांगू?" आई म्हणाली. "कागद सासूबाईंच्या हातात आहे. ढब्बू दोन महिन्यांपासून त्यांच्याकडेच असतो. आज चाचणीपुरता आणलाय मी."

मग ताईंनी जुन्या कागदाची प्रत काढली आणि खाली लिहायला घेतलं, की बाळाला पूर्ण वेळ दिला नाही, चूक माझी आहे.

"वर लिहा ताई," आई म्हणाली. "मोठ्या अक्षरांत. सासूबाई खालचं वाचत नाहीत."

ताईंनी दुसरी प्रत घेतली आणि वर लिहिलं.

टवका उडालेला खुळखुळा बाळांसमोर धरत नाहीत, म्हणून मी आता खणात असतो. ठिपके बंद झालेत. ताई हल्ली मोठ्याने मोजतात, मला आतून ऐकू येतं. काही बाळं तीसपर्यंतही हात लांबवत नाहीत. त्यांचं शून्य खरं असतं आणि त्यांना लगेच मदत मिळते, माझी तक्रार नाही. माझी तक्रार खोट्या शून्याची आहे. म्हणून सांगतो, बाळ कुणाचंही असो, तीस म्हणजे तीस मोजा.

माझ्या अंगावर ढब्बूच्या दोन दातांच्या खुणा आहेत. तिसरा दात त्याने कोणत्या घरात दाखवला, एवढं मात्र मला कुणी येऊन सांगत नाही.