मान फिरवणारा पंखा आणि चिमी

मी एक जुना टेबलपंखा आहे, मित्रांनो, आणि एका जागी बघत राहणं मला कधी जमलंच नाही. कारखान्यात माझ्या पाठीवर एक खुंटी बसवली. ती दाबली की मी खोलीभर मान फिरवतो. त्यामुळे कोण काय बोललं आणि ते ऐकून कोणाचा चेहरा पडला, दोन्ही मला दिसतं.

माझी उमेदीची वर्षं एका शिंप्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं कॉलर सैल करून माझ्यापुढे उभी राहत आणि दुवा देत. पुढे छताला नवा पंखा आला नि मी माळ्यावर धूळ खात पडलो. शिंप्याच्या धाकट्या लेकीने मला खाली काढलं, पण वाऱ्यासाठी नव्हे. तिची तीन वर्षांची चिमी माझी पाती बघत तासन्‌तास गप्प बसे, तेवढ्यात आईचं शिवण उरके. "किती गुणाचं पोर!" शेजारणी म्हणत. मला मात्र चैन पडेना. मी सगळ्यांकडे बघे. ती कोणाकडेच बघत नसे.

हे धाकटीच्या थोरल्या बहिणीनेही हेरलं होतं. ती येई, चहा घेई, विषय काढायचा म्हणून घसा खाकरे आणि भाजीच्या भावावर बोलून निघून जाई. एकदा तिने धीर केला.

"रागावू नकोस गं. चिमी हाकेला वळत नाही, बोलतही नाही. डॉक्टरांना दाखवू या."

"तुझ्या हाकेला वळायला ती काय तुझा नवरा आहे?" धाकटी हसली, पण कात्री थांबली. "आपला दादा नाही का उशिरा बोलला? आता गप्प बसवावा लागतो!"

"दादा बोट दाखवून मागायचा तरी. ही कधी मागते?"

"ताई, माझ्या पोरीला नावं ठेवायची असतील तर येत जाऊ नकोस! कान तिखट आहेत तिचे. पंख्याचं बटण टक् वाजलं की स्वयंपाकघरातून धावत येते."

थोरलीने पिशवी उचलली. दारात थबकून म्हणाली, "बटणाला येते ना? मग नावाला का नाही?"

ती गेली. धाकटीने मला बंद केलं. चिमी किंचाळली, मग खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसली.

"चिमे..." आईने मागून हाक मारली. "चिमे, राणी माझी..."

चाक फिरत राहिलं. धाकटीने माझं बटण दाबलं. टक्! चिमी गर्रकन वळली.

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने फोन लावला. "ताई, उद्या येशील ना गं सोबत?"

डॉक्टर काय म्हणतील, मला ठाऊक नाही. मी आपला दाराकडे मान वळवून वळवून बघतो आहे. मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, दोन थेंब तेल द्या, माझं भागेल. पण मूल गप्प आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि काळजीपोटी कोणी तुम्हाला न आवडणारं बोललं, तर त्याच्या हातातली पिशवी काढून घ्या आणि त्याला बसवून घ्या.