तंबूचा दोरा

माणूस भित्रा असावा, पण किती? आमच्या धाकटीकडे दर गुरुवारी येणारा तो घड्याळवाला बघितला की मला हेच वाटायचं. चौकात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, गुरुवारी ते बंद असलं की हा आमच्या दारात हजर, पिशवीत एक शर्ट आणि त्या शर्टाचं एक बटण तुटलेलं. कधी बाहीचं, कधी पोटावरचं. "तेवढं लावून मिळेल का?" हे जमिनीला विचारायचं.

आता मला सांगा, जो माणूस डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू चिमट्यानं बसवतो, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही? आणि बटण तरी आपोआप तुटलेलं कुठे? दोरा ब्लेडनं कापलेला सरळ दिसायचा. झिजून तुटला तर त्याला तुसं येतात. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण. पन्नाशी उलटली, पण अक्कल यायची राहिलीच. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. मी तंबूच्या कारखान्यात शिलाईला होते, आता घरी असते. ती खिडकीशी मशीन टाकून लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. मला आणखी कुणी नको होतं आणि तिलाही नसावं असं मी धरून चालले होते. पण गुरुवारी बाईसाहेब केस दोनदा विंचरायच्या, आणि एका बटणाला तास लागायचा. बोलायचे काय, तर आज ऊन फार आहे. मग दोघंही मिठाची गुळणी धरून बसायचे. बघून माझं डोकं उठायचं. आणि भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. ही गेली तर मी काय भिंतींशी बोलू?

एका गुरुवारी धाकटी दाढ काढून घ्यायला गेली होती. घड्याळवाला आला, खिडकीकडे बघितलं आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "त्या नाहीत का?"

"नाहीत. आणा इकडे."

माझ्याकडचा दोरा तंबूचा, मेण चोळलेला. वादळात कापड फाटेल, पण शिवण सुटणार नाही. तो दुहेरी ओवला, बटणाखाली काडेपेटीची काडी धरून टाके घातले, मग काडी काढून खाली वेढे दिले आणि गाठ आत दडवली. एवढ्यावर थांबले नाही. उरलेली बटणंही एकेक करून उसवली आणि तशीच लावली.

"ताई, बाकीची घट्ट आहेत," तो चाचरत म्हणाला.

"मी तुमची ताई नाही. घरी आणखी शर्ट असतील ना? घेऊन या. कोटसुद्धा."

आणले की. नाही म्हणायची धमक असती तर बटणं कशाला कापत बसला असता? दुपारभर खपून मी सगळं शिवलं आणि गठ्ठा त्याच्या हातात दिला. "ब्लेड मोडेल, पण बटण हलणार नाही," मी म्हटलं. "आता इकडे खेपा घालायची गरज नाही." ब्लेडचं नाव काढल्यावर कानापर्यंत लाल झाला आणि चपला उलट्या घालून गेला.

पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गालाची सूज उतरली तरी धाकटी खिडकीतून रस्ता बघत बसली, मग बघायची थांबली. मी मनाशी म्हटलं, चार दिवस वाईट वाटेल, मग विसरेल. शेंदाडशिपाई तो, पळाला एकदाचा. त्या दिवसांत मला झोप छान लागली.

आणि मग आला. हात रिकामे, शर्ट गळ्यापर्यंत बंद.

"काय तुटलं?" मी दारातच अडवलं.

"काही नाही."

"मग काम काय?"

माझ्या खांद्यावरून तो खिडकीकडे बघत होता. "काही तुटतच नाही आता," तो म्हणाला. "दुसरा बहाणा शोधला, सुचला नाही. तेव्हा म्हटलं, विचारूनच टाकावं. लग्न कराल का माझ्याशी?"

धाकटीनं मशीनवरचा पाय काढला. मला वाटलं, विचार करून सांगते म्हणेल. निदान माझ्याकडे एकदा बघेल.

"कधी?" तिनं विचारलं, आणि त्याला बसायला माझी खुर्ची पुढे केली.

महिन्याभरात मशीन गेलं, मागोमाग ती गेली. निघताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, तुझे उपकार कसे फेडू? तू ती बटणं पक्की केली नसतीस तर हे जन्मात बोलले नसते. मला वाटायचं, तुला हे आवडत नाहीत. आणि तू आमच्यासाठी दुपारभर बसलीस."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

खरंच बोलला नसता. त्याची बटणं तशीच लोंबकळू दिली असती, तर तो घुम्या मरेपर्यंत गुरुवारी येऊन उन्हाबद्दल बोलून गेला असता, आणि बाकीचे सगळे वार धाकटी माझी राहिली असती.