व्याह्यांची बीअर

मेडशीच्या जगदेवच्या घरात गव्हाची पत्र्याची कोठी आहे आणि तिच्या तळाशी व्याह्यांची बीअर आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती अजून बीअरच आहे का, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं.

जगदेवच्या मुलाचं, प्रज्वलचं, लग्न लॉकडाउनात झालं. मुलीचे वडील विश्वंभरराव रिसोडला सोयाबीनची अडत चालवतात. त्यांना थंड बीअर आवडते असं कळल्यावर जगदेवनं मोठ्या हौसेनं पेटी आणून ठेवली होती. पण मोजक्या माणसांची परवानगी, त्यात मांडवात पोलीस उभा. तो पंगतीला बसला आणि उठेचना. पेटी गव्हाखाली गेली. निघताना विश्वंभरराव कोरड्या घशानं व्याह्यांना म्हणाले, "इवाई, माही बीअर राह्यली." जगदेवनं छातीवर हात ठेवला. "तुमचीच हाये. तिले कोणी हात लावत नाई. आल्यावर पेजा."

शब्द दिला म्हणजे दिला. पण विश्वंभरराव येत तेव्हा कधी श्रावण असे, कधी भाऊबंदांत सुतक, तर कधी निवडणुकीचा ड्राय डे. अंगणात पाय टाकताच ते विचारत, "माही बीअर हाये न?" जगदेव म्हणे, "हाये." मग दोघं समाधानानं चहा घेत. असे पाच-सहा उन्हाळे गेले. वाशीम जिल्ह्यातला उन्हाळा पत्र्याच्या कोठीत काय करतो, हे गव्हाला विचारावं.

यंदा बोअरला पाणी लागलं. त्यासाठी म्हसोबाला बोकड कबूल केला होता, तो द्यायचं ठरलं. विश्वंभररावांचा फोन आला. श्रावण नाही, सुतक नाही, निवडणूक नाही, तेव्हा या खेपेला बीअर पिणार म्हणजे पिणार.

सकाळीच कोठी उपसली. सून वर्षाराणी वाशीमला बीएस्सी झालेली. तिनं बाटली पुसून चिठ्ठी वाचली आणि सांगितलं, की ही सहा महिन्यांत प्यायची होती. जुनी झाली म्हणून बीअरचं विष होत नाही, पण उष्णतेनं तिची चव आणि वास जातो. झाकण गंजलं असेल, बाटली झिरपली असेल, तर ती मात्र सरळ फेकायची. एवढं सांगून तिनं गंजक्या झाकणाच्या दोन बाटल्या बाजूला काढल्या.

यातलं जगदेवनं "विष होत नाही" एवढं ऐकलं. कस्तुराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, फक्त "विष" ऐकलं.

जगदेवला तारीख उलटण्याचा अनुभव होता, तो फवारणीच्या औषधाचा. तारीख गेलेल्या औषधानं अळी मरत नाही, उलट ताजीतवानी होते. म्हणजे तारीख गेलेल्या बीअरनं माणूस कसा मरेल, असं त्याचं म्हणणं. कस्तुराबाईचं म्हणणं, अळी मरत नाही हे खरं, पण फवारणाऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं.

"मामाजी, माया बाबावर प्रयोग नका करू," वर्षाराणी म्हणाली.

"तुया बाबावर कायले करू? दुसरं कोणी नाई काय घरात?" म्हणत जगदेवनं घरभर नजर फिरवली. प्रज्वल हळूच मोटर पाहायला निघून गेला. मग नजर खुंट्यावरच्या बोकडावर थांबली. त्याला काम नव्हतं, आणि दुपारनंतरचा त्याचा काही कार्यक्रमही ठरलेला नव्हता.

बोकडानं घमेल्यातली अख्खी बाटली संपवली, घमेलं चाटलं आणि जगदेवकडे आदरानं पाहिलं. थोड्या वेळानं जगदेवनं बातमी दिली, की बोकड खडखडीत आहे, बीअर पास. बाकीच्या बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून टाक्यात सोडल्या.

दुपारी शेताच्या धुऱ्यावरच्या म्हसोबापुढे सगळे जमले. विश्वंभरराव पांढरी टोपी घालून पुढे बसले. पुजारी हेमसिंगबुवांनी बोकडाला कुंकू लावलं आणि पाठीवर पाणी शिंपडलं. इथली रीत अशी, की पाणी पडल्यावर बोकडानं आपणहून अंग झाडलं पाहिजे. झाडलं म्हणजे देवानं घेतलं. नाही झाडलं तर सुरीला हात लावायचा नाही.

बोकड हसत उभा होता.

बुवांनी ओंजळभर पाणी टाकलं. मग तांब्याभर. मग बादली. बोकडानं डोळे मिटून घेतले आणि चारी पाय पोटाखाली घेऊन निवांत बसला.

बुवा गंभीर झाले. "देव घेऊन नाई राह्यला. घरात कोणाचं काई चुकलं असन तं बोलून टाका."

देव अडला की असं बोलून टाकावंच लागतं. कस्तुराबाईनं हात जोडून सांगितलं, की नवस बोलताना तिच्या मनात कोंबडाच होता, बोकड तोंडातून निसटला. प्रज्वलनं सांगितलं, की बोअरच्या पूजेचा नारळ त्यानं आधीच फोडून खाल्ला होता. एकेक कबुली आली की बुवा बोकडाकडे पाहत. बोकड घोरू लागला होता.

तेवढ्यात विश्वंभरराव खाकरले. "मायच चुकलं, बुवा. मले शुगर हाये. डाक्टरनं बीअर बंद करून चार वर्सं झाले. इवाई दरखेपी 'हाये' म्हणतात, त्याची मजा वाटे म्हणून इचारत होतो."

ज्या बीअरसाठी जगदेवनं कोठीत मणभर गहू कमी भरला, पाहुण्यारावळ्यांना तोंडावर नाही म्हटलं, तिला धनीच नव्हता. "म्या शब्द देला होता न, इवाई," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की विश्वंभररावांना टोपी सारखी करावी लागली. मग त्यानंही आपलं बोलून टाकलं. बोकडाला देव अडवत नाही, सकाळी पाजलेली बीअर अडवते आहे.

हे ऐकून विश्वंभरराव सावरून बसले. व्याह्यानं आपल्यासाठी बीअर सांभाळली आणि वर ती बोकडाकडून तपासून घेतली, एवढा मान त्यांना उभ्या हयातीत कोणी दिला नव्हता. "आना," ते म्हणाले. "एक घोट. शब्द राहू द्या इवायाचा."

वर्षाराणीनं टाक्यातून चांगल्या झाकणाची बाटली आणली, उजेडात धरून पाहिली, फोडली, वास घेतला. नाक मुरडून म्हणाली, "बाबा, होत काई नाई. पण एकच घोट." बाटलीतून नुसता सुस्कारा निघाला होता. फेस नाहीच.

विश्वंभररावांनी घोट घेतला.

ओला पुठ्ठा, जुनं पोतं आणि पत्र्याची कोठी, तिन्ही एकदम तोंडात आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. डोळे मिटले, मान आखडली, आणि टाळूपासून टाचेपर्यंत ते असे थरथरले की टोपी म्हसोबापुढे जाऊन पडली.

"झाडलं," हेमसिंगबुवा म्हणाले.

सगळ्यांनी बोकडाकडे पाहिलं. तो झोपलेलाच होता.

"पण कोनं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"देव ते नाई पाहत. अंग झाडलं म्हंजे घेतलं."

"घेतलं म्हंजे?" विश्वंभररावांनी सुरीकडे पाहून जरा मागं सरकत विचारलं.

बुवांनी पुष्कळ विचार केला. पुजाऱ्याला सगळीकडून सांभाळावं लागतं. "घेतलं, आन् वापस देलं," त्यांनी निकाल दिला. नवस फिटला. बोकडाचा दोर सोडला, पण त्याला उठायची घाई नव्हती.

मटणाला आलेली माणसं वर्षाराणीनं गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांवर आणि वांग्याच्या भाजीवर तुटून पडली. उरलेल्या बाटल्या तिनं कोणालाही न विचारता नालीत ओतल्या.

संध्याकाळी विश्वंभरराव जीपमध्ये बसले. जगदेवचा हात हातात घेऊन म्हणाले, "इवाई, बीअर पोचली. आता मांगत नाई."

जगदेवच्या खांद्यावरून कोठीभर वजन उतरलं. त्यानं हसत जीपचं दार लावलं.

दाराच्या खिडकीतून विश्वंभररावांनी डोकं बाहेर काढलं. "पण लगनातली जिलबी तेवढी राह्यली," ते म्हणाले.

"हाये," जगदेव बोलून गेला.

जीप गेली. कस्तुराबाई कंबरेवर हात ठेवून जगदेवकडे पाहत राहिली.