खुंटांतला घेर

तांडेल पडला तो पाण्यात नव्हे, स्वयंपाकघरात. नावेचा म्होरक्या, जन्मभर तिच्यात डुगडुगत उभं राहून जाळं टाकणारा माणूस, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढला नि धाडकन खाली! पाय मोडला, प्लास्टर पार मांडीपर्यंत. आणि तेही कधी? थंडी सरून तळ्याचं पाणी कोमट व्हायला लागलं होतं, मासे खोल पाणी सोडून काठाकडे निघाले होते, हंगाम तोंडावर आला होता, तेव्हा. तळं म्हणायचं ते आपलं सवयीनं. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं ते मोठं. वसंतात ते भरभरून देतं. उरलेलं वर्ष त्याच्याच जिवावर काढायचं असतं. नाव बांधून ठेवणं परवडणारं नव्हतं. सुकाणू कुणीतरी धरायलाच हवं होतं.

"जावई धरेल," तांडेलानं पलंगावरून फर्मान काढलं.

"मी धरणार," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे तांडेलाची थोरली बहीण. त्याच्या मुलीची आत्या, म्हणून हळूहळू सगळ्या धक्क्याचीच आत्या झाली. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून ती सगळ्यांची फाटकी जाळी सांधायची. तिच्यासारखा पक्का टाका कुणाचा नाही, हे जो तो मान्य करायचा. आणि मान्य करून ओलं जाळं तिच्या मांडीवर टाकून चालता व्हायचा. वडील होते तोवर ती नावेत असायची. सुकाणू धरायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. मग भावाला मिसरूड फुटलं, वडील गेले, आणि आत्याची जागा काठावर ठरली. कुणी ठरवली? कुणीच नाही. ठरली, झालं! त्याचा तिला राग होता. चांगला मुरलेला राग होता, आणि तो लपवायचे कष्ट ती घेत नसे.

"तू?" तांडेल हसला. "अगं ताई, तुझं वय काय, चाललीस कुठं?"

"तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे. आणि मी अजून एकाही स्टुलावरून पडलेली नाही."

तांडेलाची बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. जावईसुद्धा खो-खो हसला. तसा तो मनानं वाईट नव्हता हो, पण तोंडाचा पट्टा असा की जाळं पाण्यात पडायच्या आधीच मासे किती येणार ते सांगून मोकळा. शेवटी आत्याच्या भाचीनं, म्हणजे तांडेलाच्या मुलीनं तोड काढली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला आत्या. तिचीच पंचाईत सगळ्यांत मोठी होती. पहिल्या दिवशी जाळ्याचा एक घेर नवऱ्यानं टाकायचा, एक आत्यानं. ज्याच्या जाळ्यात जास्त मासे, हंगामभर सुकाणू त्याच्या हातात. तांडेलानं लगेच हो म्हटलं. ही भानगड एका सकाळीत मिटेल अशी त्याची खात्री होती.

पहिल्या दिवशी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून धक्क्यावर आणून ठेवलं. सगळ्यांदेखत त्यानं ती अट पुन्हा बोलून दाखवली. लोकांना काय, फुकटची करमणूक!

आधी जावयाची पाळी. त्यानं नाव नेली ओढ्याच्या तोंडाशी. दर वसंतात सगळ्याच नावा तिथं जातात. वल्ह्याला वल्हं लागतं, जाळ्यात जाळं गुंततं, आणि माशांपेक्षा शिव्याच जास्त निघतात. तरी गड्यानं घेर बरा टाकला. परत आला तेव्हा दोन क्रेट भरले होते. मासे हातभर नव्हते, पण अगदीच चिल्लरही नव्हते. तांडेलानं मान डोलावली. जावयाची छाती इंचभर वर आली.

"आता तुम्ही, आत्या," तो म्हणाला. "सांगा, कुठं घेऊ?"

"खुंटांकडे."

धक्क्यावरच्या सगळ्या माना पूर्वेकडे वळल्या. फार पूर्वी तळ्याचं पाणी चढलं तेव्हा पूर्वेच्या काठावरची झाडं बुडाली होती. त्यांचे खुंट अजून पाण्याखाली उभे होते. तिकडे कुणी जात नसे. वाट चुकून, वाऱ्यानं ढकलून कुणाचं जाळं तिथं पडलंच, तर चाळणी होऊन परत यायचं.

"डोकं फिरलंय का तुझं?" तांडेल खुर्चीतल्या खुर्चीत उसळला. "चिंध्या होतील जाळ्याच्या! खुंटांनी आजवर कुणाला सोडलंय?"

"खुंटांनी नाही फाडली ती जाळी," आत्या म्हणाली. "खुंटात अडकलं की जाळं लांब फाटतं, दोऱ्याचे पदर सुटतात, सालीचा भुसा अडकून राहतो. तशी मोजकीच यायची. बाकीच्यांना गोल भगदाडं. आतून बाहेर फुटलेली. आणि कडेला खवले, माझ्या अंगठ्याएवढे! अरे, जेवढे मासे हाती आले तेवढेच तुम्ही बघितलेत. निसटले त्यांचा माग माझ्या मांडीवर येऊन पडायचा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू म्हणालास, तू शिव आणि दे."

तांडेलाला ते आठवलं असावं; तो प्लास्टर खाजवायला लागला. आत्या नावेत चढली. मागोमाग वल्हं घेऊन भाची चढली, जाळं घेऊन जावई.

आता खरं सांगायचं तर सुकाणूला हात लावताना ती मनातून टरकली होती. जाळं फाटलं आणि हात हलवत परत यावं लागलं, तर मरेपर्यंत शेडमधून उठायचं नाव काढता येणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण नाव धक्क्यापासून सुटली, सुकाणूच्या दांड्याला पाण्याची ओढ लागली, आणि तिच्या दंडांना सगळं आपोआप आठवलं. वडील सांगायचे तसा दांडा सैल धरला. नाव ऐकायला लागली.

खुंटांपाशी पाणी उथळ होतं, उन्हानं चांगलं तापलेलं. मध्ये अंगणाएवढी मोकळी जागा होती. आत्यानं नाव त्या जागेभोवती हळूच फिरवली, भाचीनं वल्हं मारलं, जावयानं जीव मुठीत धरून जाळं सोडलं. घेर पुरा झाला. दोन्ही टोकं नावेत आली.

"ओढा!"

ओढलं. हातभर आलं आणि थांबलं. पुन्हा ओढलं, जाळं जागचं हलेना.

"अडकलं!" जावयानं कपाळावर हात मारला. "तरी सांगत होतो! खुंटाला अडकलं!"

"जावईबापू," आत्या म्हणाली, "तुमचा खुंट चालायला लागलाय बघा."

खरंच, जाळ्याच्या कडेला तरंगणारी बुचांची अख्खी माळ एका अंगाला सरकत होती. पाण्याखाली काहीतरी सोनेरी वळलं, मग त्याच्यामागे आणखी एक, मग पाणीच उकळल्यासारखं झालं. भाची किंचाळली. जावयाचं तोंड उघडं पडलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यातून शब्द फुटला नाही.

आणि तेवढ्यात तट् तट् करून दोरे तुटले. आत्याच्या बाजूलाच, बुचांच्या जरा खाली. गोल भगदाड! एक मासा त्यातून सुळकन गेला, त्याच्या शेपटीला लागून दुसरा गेला.

"दोघं दोर धरा! काही झालं तरी सोडायचा नाही!"

तिनं कनवटीची सुई काढली. जाळं सांधायची लाकडी सुई, दोरा भरलेली. ती नसली तर आत्याला उघडं वाटायचं. नावेच्या कडेवर ती पालथी झाली, दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले आणि पाण्यातल्या पाण्यात शिवायला लागली. दिसत काही नव्हतं. दिसायची गरजही नव्हती; एवढ्या वर्षांत तिची बोटं जाळ्याचं घर न् घर ओळखायला लागली होती. मासे मनगटांवर थाडथाड आपटत होते. एकानं तोंडावर शेपूट हाणली.

"मार लेका, मार!" ती ओरडली. "आज नाही सोडत तुला! आजवर फुकट सुटलात सगळे!"

शेवटची गाठ तिनं पाण्याबाहेर ओढून दातांनी आवळली. मग तिघांनी मिळून जाळं नावेत घेतलं, आणि ते संपेचना. सोनेरी पाठींचे, मांडीएवढे मासे! क्रेट भरले, तळ भरला, पाय ठेवायला जागा उरली नाही. आत्या चिंब भिजली होती, ओठ फुटला होता, आणि ती मोठमोठ्यानं हसत होती. असं हसलेली तिला भाचीनं कधी बघितलं नव्हतं. भाचीला रडू आलं, तर आत्यानं तिलाही दम भरला, "रडतेस काय, पाणी उपस!"

परतताना नाव काठोकाठ बुडाली होती. ओढ्याच्या तोंडाशी भांडणाऱ्या नावांवरून ती सावकाश गेली. एकेक वल्हं थांबत गेलं. "कुठं मिळाले?" कुणीतरी हाक मारली.

"आत्याला विचारा!" जावई बोंबलला. त्याची वाचा परत आली होती, आणि आता ती थांबणार नव्हती. "आमच्या तांडेलीणबाईंना विचारा!"

धक्क्यावर पळापळ झाली. क्रेट पुरेनात, लोकांनी घरून टब आणले, बादल्या आणल्या. जावयाचे दोन क्रेट कुठल्या कोपऱ्यात गेले ते त्यालाही सापडेनात. तांडेल प्लास्टरच्या पायावर उभा राहिला होता. बायको ओरडत होती, तरी बसेना. नावेकडे बघत राहिला, मग बहिणीच्या फुटक्या ओठाकडे.

"बाबा असते तर नाचले असते," तो म्हणाला. मग घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सुकाणू ताईचं. हंगामभर."

लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणी शिट्टी मारली. आत्यानं पाणी निथळणारं जाळं खांद्यावर घेतलं आणि वर चढून आली. जाळं आणखी चार-पाच ठिकाणी फाटलं होतं.

"उद्या उजाडताच निघायचंय," ती म्हणाली.

"हे घेऊन? त्याआधी शिवायला नको? आणि तू उद्या पाण्यावर, तर मग जाळं शिवणार को..."

तांडेल बोलता बोलता थांबला. धक्क्यावरच्या सगळ्यांच्या नजरा त्याच्या प्लास्टरवरून त्याच्या धडधाकट हातांवर गेल्या. तो खुर्चीत बसला. थोडा वेळ त्यानं मिशी चावली.

"आण इकडे," तो म्हणाला.

आत्यानं ओलं जाळं त्याच्या मांडीवर टाकलं.

"टाके बारीक घाल," ती म्हणाली. "आणि फाटलेलं नीट बघ. काही वेगळं दिसलं तर मला येऊन सांग. मी ऐकून घेईन."