दोन पानांनी पुढे

चूक माझीच. मावशीच्या पुस्तकाची पानं मी लावत होते. काल तिच्या हट्टाखातर सुरुवातीला छायाचित्रांची दोन पानं घातली आणि शेवटची सूची तशीच ठेवली. आज अकरा वाजता छापखान्यात लक्षात आलं, सूचीतला प्रत्येक पानाचा आकडा दोननं मागे. नोंदी एकोणीसशे!

मावशीनं पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, ती सगळी विद्या या पुस्तकात उतरवली. तिची नजर झपाट्यानं जातेय. डॉक्टरांनी डोळ्यांना फार तर महिनाभराची मुदत दिलीय आणि आजची बाराची पाळी हुकली तर मशीन थेट दोन महिन्यांनी रिकामं.

"ताई, सूचीच काढून टाका," मशीनवाले काका म्हणाले. "कोण बघतंय?"

माझ्याबरोबर आलेली मावशी खुर्चीत ताठ झाली. "काढून टाका? कारागिरानं एका हातात उघडं घड्याळ धरून चारशे पानं चाळत बसायचं का?"

"पण बाई, हातानं सुधारायला तीन दिवस जातील."

"तीन दिवस कशाला? पर्लची एक ओळ पुरे," मी तोऱ्यात म्हटलं आणि लॅपटॉपवर संगणकाला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली. प्रत्येक आकडा शोध, त्यात दोन मिळव, जागेवर ठेव. एवढं सगळं एका ओळीत मावतं, म्हणून तर पर्ल या संगणकाच्या भाषेवर माझा जीव. एंटर मारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं.

काका वाकले. "लंबक, पान दोन. स्प्रिंग, पान दोन. ताई, अख्खं पुस्तक दुसऱ्याच पानावर आलं की!"

मी सूची पुन्हा निरखून पाहिली. मग डोक्यात प्रकाश पडला. आकडे देवनागरी! पर्ल ते ओळखतं, पण बेरीज करताना त्याच्या लेखी ११६ म्हणजे शून्य. शून्य अधिक दोन. मराठी पुस्तकं लावण्यात माझी हयात गेली आणि नेमकं हेच विसरले. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मूळ फाइलची प्रत ठेवली होती, तेवढी अक्कल शाबूत. ती परत आणली. ओळ थोडी लांबवली: आकडा आधी इंग्रजीत कर, दोन मिळव, पुन्हा देवनागरीत आण. बाराला सात मिनिटं होती. एंटर.

"लंबक, ११८," मी वाचलं. काकांनी प्रुफाच्या गठ्ठ्यातून ते पान काढलं. लंबक तिथेच! दातेरी चाक, २४१. तेही तिथेच. आणखी वीस नोंदी पाहिल्या, एकही चुकली नाही. "जमलं!" मी इतक्या जोरात ओरडले की बाइंडिंगवाले धावत आले. काका पळत मशीनकडे गेले.

आठवड्याभरात पुस्तक आलं. मावशीनं भिंग धरून सूची उघडली, एका नोंदीवर बोट ठेवलं, पान काढलं आणि डोळे बारीक करून वाचलं. "आहे," ती म्हणाली. मग दुसरी नोंद. "आहे." अकराव्या "आहे"ला मला रडू कोसळलं. ती वाचतच राहिली.