चौथा पीळ

शीतगृहातल्या मुकादमाने दुसरं लग्न केलं, तेव्हा त्याच्या बहिणीने नव्या वहिनीला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "हे बघ, पोरगी गुणी आहे, पण साठवणीची आहे. बटणं, पेन्सिलीचे तुकडे, चॉकलेटचे कागद, काही टाकत नाही. तिच्या खणात हात घालू नकोस, म्हणजे झालं." म्हणून तर बापाने लेकीचं नाव खारूताई ठेवलं होतं.

नवी बायको हसली होती. तिचा स्वभावच असा, मऊ. बोलणं तर इतकं हळू की समोरच्याला आपोआप कान पुढे करावा लागे. एका लाँड्रीत ती रफू करायची. कोटाला पडलेलं जळकं भोक, शालीला लागलेला खिळा, उंदराने कुरतडलेली बाही, सगळं तिच्या टेबलावर यायचं. ती कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढून घ्यायची आणि त्याच धाग्यांनी भोक असं भरायची, की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, "नेमकं कुठे होतं हो?" तो प्रश्न ऐकला की तिचा दिवस सोन्याचा होई. गल्लीत तिला सगळे रफूवालीच म्हणत.

तिचा एक नेम होता. आईने घालून दिलेला, लग्नाआधीपासूनचा. रोज एक तरी चांगलं काम कोणाला न सांगता करायचं आणि देवाला हात जोडताना ते मनातल्या मनात त्याच्या पायाशी ठेवायचं. बोललं की नेम मोडला. कधी शेजारणीचे वाळत घातलेले कपडे पाऊस यायच्या आत घडी करून तिच्या कडीला अडकवून यायची, कधी कोणाचा गळका नळ फडक्याने बांधून टाकायची. अशा नेमात वाईट ते काय असणार?

या घरात येऊन तिला आठ महिने झाले होते. खारूताई दहा वर्षांची. उद्धट नव्हती, हट्टी नव्हती, वाढलेलं मुकाट जेवायची. फक्त रफूवालीला कशानेच हाक मारायची नाही. पाणी हवं असलं तर "पाणी आहे का?" असं भिंतीला विचारल्यासारखं विचारायची. आणि रफूवालीनेही कधी, "मला आई म्हण," असं म्हटलं नाही. म्हणायला सांगून म्हटलेलं किती दिवस टिकतं?

थंडी त्या वर्षी लवकर पडली. मुकादम दिवसभर शीतगृहात, बर्फाच्या पेट्या आणि गोठवलेल्या मालाच्या राशींमध्ये. संध्याकाळी बाहेर यावं तर बाहेरही तेच. कंपनीने दिलेली टोपी पातळ, वाऱ्याला चाळणीसारखी. घरी आला की कान लालबुंद, आणि डाव्या कानात ठणका.

"अहो, चांगली लोकरीची टोपी घ्या ना एक."

"घेऊ की," तो म्हणायचा. "घाई काय आहे? कान काही पळून जात नाहीत."

असं तो रोज म्हणायचा, आणि टोपी मात्र कधी घ्यायचा नाही.

एका शनिवारी पोरगी शाळेत असताना रफूवाली तिचे धुतलेले मोजे ठेवायला गेली. कपाटाचा खालचा खण अर्धवट उघडा होता. त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण तिरपं, आणि त्यातून बाहेर आलेलं लोकरीचं एक टोक. नणंदेची ताकीद आठवली. तरी हात गेलाच.

डब्यात अर्धी टोपी होती. क्रोशाने विणलेली. करंगळीएवढ्या जाडीची राखाडी लोकर, आणि कानावर बसणाऱ्या पट्टीतून वर निघालेले सहा पीळ, दोरखंडासारखे घट्ट. शेवटचा फास सुटू नये म्हणून सेफ्टी पिन लावलेली. बाजूला जाड सुई आणि लोकरीचा एक गुंडा. ही कोणाची, कोणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. मुकादमाची पहिली बायको तापाने जाऊन दोन वर्षं झाली होती.

रफूवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, हेच ते! आपण ही टोपी गुपचूप पुरी करावी आणि त्यांच्या कपड्यांवर ठेवून द्यावी. पहिलीचं काम तडीस जाईल, त्यांचे कान झाकले जातील, आणि आपला आजचा नेमही होईल.

ती खिडकीपाशी बसली आणि सवयीने टोपी उजेडात धरली. उजेडात धरली की तिचा डोळा आधी काय शोधणार? चूकच. ती सापडलीही. पिळाच्या शेवटच्या फेऱ्यात, फेरा जिथे जोडतात त्या सांध्यापासून चौथा पीळ चुकला होता. दोन खांब, म्हणजे उभे टाके, सोडून पुढचे दोन आधी घालायचे आणि मग सोडलेले दोन त्यांच्यावरून आणायचे, अशी ती वीण. पण चौथ्या पिळात सोडलेले दोन वरून यायच्या ऐवजी खालून गेले होते. त्यातला दुसरा खांब लांबट झाला होता, कारण सुईवर एक वेढा जास्त पडला होता. आजूबाजूचे टाकेही कुठे सैल, कुठे घट्ट.

"बिचारी," ती स्वतःशी म्हणाली. "तापातच विणलं असणार."

आणि तिने तो फेरा उसवला. त्याच्यावरचा साधा फेरा आधी आणि मग पिळाचा. रफू करणाऱ्या बाईला चूक तशीच ठेवून पुढे जाता येत नाही, जसं काही माणसांना वाकडी तसबीर बघून गप्प बसता येत नाही.

मग तिने सुई हातात घेतली आणि इथेच गाडी अडली. तिचे टाके वर चढेनात. चढले तर खालच्यांच्या शेजारी उपऱ्यासारखे दिसत. तिचा पीळ डावीकडे झुकायचा आणि खालचे सगळे उजवीकडे. तिने उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा उसवलं. लाँड्रीतले कोट तिच्यापुढे मान तुकवायचे आणि ही अर्धी टोपी ऐकायला तयार नव्हती.

दार वाजलं. शनिवारची शाळा अर्धी असते, हे ती साफ विसरली होती.

खारूताई उंबऱ्यात उभी राहिली. पाठीवरचं दप्तर तसंच. तिने टोपी बघितली, मग रफूवालीच्या मांडीवर पडलेली उसवलेली लोकर बघितली.

"तो कुठे गेला?"

"कोण, बाळा?"

"माझा पीळ." पोरीचा आवाज चिरकला. "तो माझा होता! आईने नाही केला, मी केला होता. आईने तिच्या पलंगावर मला जवळ बसवून सुई दिली होती. मी चुकले तर म्हणाली, राहू दे, बाबांना टोपी घातल्यावर मागचं थोडंच दिसणार आहे! तुम्ही तो काढून टाकलात!"

पोरीने टोपी, लोकर, सुई सगळं छातीशी धरलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला नाही. तो आला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, पण चहा न पिताच कप खाली ठेवला.

"ती टोपी पुरी व्हायच्या आधी मी दुसरी कशी घेणार?" तो म्हणाला. "डबा कुठे आहे ते मला माहीत आहे. पोरगी रोज उघडून बघते, तेही माहीत आहे."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तू विचारलं नाहीस, मी बोललो नाही. दोघंही मुलखाचे समजूतदार." तो थोडा हसला. "आणि तुझ्या हाताला ती टोपी यायची नाहीच. तिची आई डावखुरी होती. लेकही डावखुरी. जेवायला दोघींच्या मधे बसलो की माझ्या कोपराला शांतता नसे."

रफूवालीने कपाळावर हात मारून घेतला. पोरगी डाव्या हाताने जेवते, लिहिते, हे ती आठ महिने बघत होती. पण तो डावा हात कुठून आला, हे तिने कधी मनाशी विचारलंच नव्हतं. डावखुरी बाई उलट्या बाजूने फेरा घेते. तिची लोकर एका वाटेने निघालेली, आपण दुसऱ्या वाटेने चढत होतो. पीळ जुळतील कसे?

रात्री देवापुढे हात जोडले तेव्हा ठेवायला काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "देवा, गुपचूप केलं, त्यातच बिघडवलं. आता उघड मागते. बुद्धी दे."

दुसऱ्या दिवशी रविवार. मुकादमाची पाळी होती, तो सकाळीच गेला. रफूवाली आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडंच होतं, पण ती आत गेली नाही.

"येऊ का?"

खारूताई टोपी मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. तिने नाही म्हटलं नाही.

"मी चुकले," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. तुझ्या खणातलं होतं, तुझ्या आईचं होतं. मला वाटलं, चांगलं काम करतेय."

"आता काय उपयोग?" खारूताई टोपीकडेच बघत म्हणाली. "मला आठवत पण नाही नीट, कसा होता तो. नुसता वाकडा होता एवढं आठवतं."

"मला आठवतो."

पोरीने पहिल्यांदा मान वर केली.

"सांध्यापासून चौथा. सोडलेले दोन खांब खालून गेलेले. त्यातला पहिला बरा होता, दुसरा लांबट. सुईवर एक वेढा जास्त घेतला होतास. आणि त्याच्या पुढचा टाका इतका घट्ट, की बहुतेक घाबरून ओढला असशील."

"आई म्हणाली होती, गळा आवळू नकोस गं त्याचा," पोरगी पुटपुटली. मग एकदम संशयाने, "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"माझं कामच ते. कापड एकदा बघितलं की डोळ्यांतून जात नाही. लोकांच्या कपड्यांतलं भोक भरून मी कापड होतं तसं करून देते. तुझी चूकही होती तशी करून दिली असती. पण माझ्या हाताने ती उलटी पडेल. ती तुझ्याच हाताने व्हायला हवी."

खारूताईने विचार केला. खारीसारखाच, गाल फुगवून.

"नवी लोकर नको," ती म्हणाली. "हीच."

उसवलेली लोकर तिच्या मुठीत होती. जुन्या टाक्यांची वळणं धरून बसलेली, नागमोडी. अशी लोकर पाण्यात बुडवून, वजन लावून वाळवली की सरळ होते, नाहीतर टाके उंचसखल येतात. रफूवालीच्या जिभेच्या टोकाशी ते आलं होतं. तिने ते गिळलं.

"हीच घे. लोकर नेईल तसं जाऊ."

पोरगी पलंगावर सरकली, पण रफूवाली शेजारी बसली नाही. तिने स्टूल ओढून अगदी समोर मांडलं आणि आपल्या पिशवीतून एक पिवळी लोकर आणि सुई काढली.

"आरशात बघतेस तसं माझ्याकडे बघ. माझा उजवा तो तुझा डावा. मी करेन तिकडेच तुझा हात जाईल."

खारूताईने बघितलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "आई शेजारी बसायची, तेव्हा मला सोपं जायचं. शाळेत बाई शेजारी बसून शिकवतात, तेव्हा सगळं उलटं होतं. मी ढ आहे असं वाटायचं मला."

"ढ कसली! बाईंनी खुर्ची फिरवायला हवी होती."

पोरीला हसू फुटलं, मग ते लपवायला तिने नाक पुसलं.

पहिला पीळ जमला. दुसरा उसवावा लागला. तिसऱ्याला सुई निसटून पलंगाखाली गेली आणि दोघी ओणव्या होऊन शोधू लागल्या, तेव्हा डोक्याला डोकं आपटलं. सुईबरोबर तिथून दोन बटणं आणि एक खोडरबरही निघालं. ती साठवण खारूताईने घाईघाईने मुठीत घेतली. रफूवालीने मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मग चौथा आला. पोरीचा हात थबकला.

"आता मला बरोबर येतं," ती म्हणाली. "मुद्दाम चुकवला तर तो खोटा होईल ना?"

रफूवालीने हातातली सुई मांडीवर ठेवली. खोटं तर तिलाही चालत नसे.

"तेव्हा तू पहिल्यांदा विणत होतीस," ती हळूच म्हणाली. "तो पीळ आता परत येणार नाही. हा नवा आहे. पण लोकर तीच आहे, जागा तीच आहे, हातही तुझाच. आईने राहू दे म्हटलं होतं. ते अजून तसंच आहे."

खारूताईने दोन खांब सोडले, पुढचे दोन घातले. मग सुई खालून नेली.

"वेढा?"

"एक जास्त."

"असा?"

"हं. आता पुढचा टाका घट्ट. आणखी. जरा गळा आवळ."

पोरीने ओठ दाबून लोकर ओढली आणि टोपी पुढे धरली. रफूवालीने ती खिडकीकडे नेली, उजेडात धरली, तिरपी केली, डोळे बारीक करून बघितली. कोटाच्या गिऱ्हाइकांपुढेही तिने कधी एवढा वेळ लावला नव्हता.

"कसं आहे?" पलंगावरून अधीर आवाज आला.

"अगदी बरोब्बर चुकलंस."

खारूताई खळखळून हसली. हसता हसताच रडू लागली, आणि या वेळी दार लावायला उठली नाही. रफूवाली स्टुलावरच बसून राहिली, फक्त तिचे गुडघे पोरीच्या गुडघ्यांना टेकले होते. थोड्या वेळाने पोरीने बाहीने तोंड पुसलं, उरलेले दोन पीळ मोजले आणि वरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. सहा पीळ हळूहळू निमुळते करत शेंड्याशी मिटवायचे होते.

"इथून पुढे आईने शिकवलं नव्हतं."

"मला येतं. पण हे माझ्या हाताने..."

"उलटं पडेल, माहीत आहे." तिने सुई बोटांत नीट धरली. "म्हणून तर म्हणते, समोरच बस. उठू नकोस मधेच."

बाहेर कुलपात किल्ली फिरली. पाळी संपवून मुकादम आला होता. कान चोळत तो आतल्या खोलीच्या दाराकडे वळला, आणि आतून दोन आवाज एकदम आले, "आत यायचं नाही!"