सगळ्यांची मतं

मरणाच्या वाटेवरच्या माणसाला त्याचा आजार सांगावा की लपवावा, यावर संघप्रिया आढावा लिहीत होती आणि तिची आई त्याच वाटेवर होती. यात योगायोग काही नव्हता. आईचा कॅन्सर कळला म्हणूनच तिनं हा विषय घेतला होता. कोल्हापुरातल्या नर्सिंग कॉलेजात शिकवणारी बाई, घरात काही अडलं की कागदात उत्तर शोधायची तिची खोडच.

या प्रश्नावर आपल्याकडचे अभ्यास, आकडे फारसे मिळेनात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग उरली जाणत्यांची मतं. डॉक्टरांचे लेख, परिचारिकांचे अनुभव, परिषदांमधली निवेदनं. प्रत्येक मत पारखून घ्यायचं. बोलणारा कोण, त्यानं असे रुग्ण पाहिलेत का, म्हणण्यामागं विचार आहे की नुसता हेका, आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचंच हित बघतोय ना. तिनं आणि सहकारी तेजस्वीनं सगळं वेगवेगळं वाचायचं, मग ताडून बघायचं. आणि सगळी मतं एकत्र मांडून होईपर्यंत एकट्यादुकट्या मतावरून निष्कर्ष काढायचा नाही, हा पक्का नियम.

नियम चांगलाच आहे. पण बाईंनी तो घरी आणला.

"आईला कळलं तर हाय खाईल ती," धाकटा भाऊ संघर्ष म्हणाला. "कुणाला म्हंजे कुणाला सांगायचं न्हाय. मावशीला तर अजिबात न्हाय, तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

संघप्रियाला हे पटत नव्हतं. पण खोडून काढायला हातात पुरावा नव्हता.

"आढावा होऊ दे, मग ठरवू," ती म्हणाली. आधी लगीन कोंढाण्याचं!

शिवाजी पेठेतल्या घरात आई, शालनबाई, खाटेवर बसून मिरच्यांत मसाला भरत होती. सांडगी मिरची. दोन मिरच्या भरायच्या आणि दम खायचा. तिची धाकटी बहीण, म्हणजे मावशी बाळाबाई, पेठ वडगावला असायची. लेकीच्या लग्नात ती थोरलीला मानाची साडी द्यायला विसरली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"बाळीला माझ्याच हातच्या लागत्यात," आई म्हणाली. "डबा तिला न्यायचाय."

"मग रविवारी जाऊया की. गाडी करते."

"असल्या पडल्या तोंडानं? थोरली हाय मी. बरी झालो की ताठ मानेनं जातो." मग मिरचीकडं बघतच तिनं विचारलं, "बरी हुईन न्हवं गं?"

खरं अगदी जिभेवर आलं होतं. आदल्याच दिवशी संघप्रियानं एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा लेख वाचला होता. आधी रुग्णालाच विचारा, त्याला किती जाणून घ्यायचं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण ते एकच मत होतं.

"होशील की," ती म्हणाली. आईला बरं वाटलं आणि संघप्रियाला स्वतःची चीड आली. मिरच्या वाळल्या, डबा भरला, फळीवर चढला.

आढावा पुरा झाला तेव्हा तिचं आणि तेजस्वीचं बरोबर जुळलं. बहुतेक जाणते तेच सांगत होते, आधी रुग्णाला विचारा. संघप्रिया कॉलेजातून तशीच घरी धावली. दारात संघर्ष फोन कानाला लावून उभा होता. दुपारी आईची शुद्ध हरपली होती. खाटेशी बसून संघप्रिया हाका मारत राहिली. आईनं डोळे उघडले नाहीत, पहाटे ती गेली.

बाळाबाई आली ती अंत्यविधीलाच. पोटभर रडली. मग फळीवरचा डबा संघप्रियानं तिच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्यासाठी केल्या होत्या. बरी झाली की स्वतः आणणार होती."

"बरी?" बाळाबाईनं डोळे पुसले. "तिला ठाव न्हवतं?"

"सांगितलं नाही आम्ही."

"अगं, ठाव असतं तर ती सरपटत आली असती की माझ्याकडं! मला ठाव असतं तर मी तिच्या पायाशी येऊन बसलो असतो. मी तिकडं वाट बघत हुतो, थोरली कवा हाक मारती म्हणून." डबा तिनं पोटाशी धरला. "न्हाय सांगायचं, हे कुणाला इचारून ठरवलंसा पोरांनो?"

 संघप्रियाच्या डोळ्यांपुढं ते सगळे डॉक्टर, त्या सगळ्या परिचारिका एकेक करून येत राहिल्या.

"सगळ्यांना विचारलं, मावशी," ती म्हणाली. "आईला तेवढं विचारलं नाही."